कम्युनिटी कॉलेजमधील आंतरविद्याशाखीय पदवी
अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांमध्ये ‘असोसिएट’ या द्विवार्षिक पदवीसाठी किमान ६० श्रेयांक आवश्यक असतात. त्यांपैकी किमान १८ श्रेयांक एका मुख्य विषयाचे किंवा परस्परसंबंधित विषयांच्या गटाचे असावे लागतात. या दुसऱ्या पर्यायामुळे मानसशास्त्र, समाजशास्त्र व अर्थशास्त्र यांसारखे विषय एकत्र अभ्यासून आंतरविद्याशाखीय पदवी घेता येते.

राज्याच्या २०१० मधील कायद्याने ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही स्वतंत्र पदवी सुरू झाली. ती मिळवणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांना कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठात प्रवेशाची हमी असते. महाविद्यालयाच्या स्वतःच्या आंतरविद्याशाखीय पदवीला ती लागू होत नाही. पुढील शाखेचे पूर्वअभ्यासक्रम राहून गेल्यास शिक्षणाचा कालावधी व खर्च दोन्ही वाढू शकतात. त्यामुळे विषय निवडण्यापूर्वीच इच्छित विद्यापीठाच्या अटी समुपदेशकाकडून समजून घेणे हिताचे ठरते.