आधी तेल, मग उटणं

दिवाळी जवळ आली की आमच्या काष्ठौषधींच्या दुकानात नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, कपूरकाचरी यांची कुटाई सुरू होते. उटण्यात काय काय घातलंय, हे गिऱ्हाईक आवर्जून विचारतं. ते कशावर लावायचं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. म्हणून पुडी हातात देताना मी स्वतःहून सांगते, कारण अभ्यंगाचं निम्मं शहाणपण त्याच्या क्रमात आहे.

हा क्रम फार जुना. सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’तल्या दिनचर्येच्या अध्यायात तो मांडला: अंगाला तेल, मग व्यायाम, त्यानंतर उद्वर्तन आणि शेवटी स्नान. तेल रोज लावावं. डोकं, कान आणि पाय यांना विशेष. अजीर्ण झालेल्याने ते टाळावं. उद्वर्तनाने, म्हणजे आपल्या उटण्याने, कफ आणि मेद कमी होतो, अंग घट्ट होतं, कांती खुलते. गरम पाण्याने मानेखालच्या अंगाला बळ येतं. तेच डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं. किती बारकाईने पाहिलंय या माणसाने!

पुढे शके १०५१ मध्ये, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या स्नानाचं वर्णन वेगळं आणि चंदनादी विलेपनाचं वेगळं. स्नान आधी, सुगंधी लेप त्यानंतर आणि मग वस्त्रं. मळ काढणारं आधी लागतं, अंगावर राहणारं नंतर, हा विचार तिथेही पक्का आहे.

घरोघरी हा क्रम टिकवला तो बायकांनी. माझी आजी नातवंडांना पाटावर बसवून कोमट तेल आधी टाळूवर थापायची, मग पाठ, पोटऱ्या, तळवे. तेल जरा मुरू द्यायची. मग मसुराचं पीठ घातलेलं उटणं दुधात कालवून ओलसरच चोळायची. पीठ जास्तीचं तेल शोषून घेतं आणि मळाच्या बारीक वळ्या सुटू लागतात. त्यानंतर घंगाळातलं कढत पाणी. हेच उटणं कोरड्या अंगावर घासलं तर कातडी ओरबाडते. उटण्यानंतर तेल लावून अंघोळ केली तर नुसत्या पाण्याने चिकटा निघत नाही.

विसाव्या शतकात साबण घरात शिरला. १९१८ च्या सुमारास गोदरेजने जनावराची चरबी न वापरता बनवलेला साबण आणला आणि सोवळ्या घरांचीही अडचण दूर झाली. अंघोळ झटपट उरकू लागली. तेल-उटणं नरकचतुर्दशीच्या पहाटेपुरतं उरलं. मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो आला आणि नवा क्रम रुळला: आधी स्नो, वर पावडर. तोही आपल्या बायकांना परका वाटला नसणार. फणेरपेटीत मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा शेजारी-शेजारीच असत. कपाळावर आधी बोटाने मेणाचा गोल टेकवायचा, त्यावर कोरडं कुंकू दाबायचं आणि कडेचं सांडलेलं पुसून घ्यायचं. मेणाशिवाय कुंकू दुपारपर्यंतही टिकत नसे.

आता माझी भाची सीरम आधी की क्रीम, सनस्क्रीन कधी, असं विचारते. मला तो प्रश्न मनापासून आवडतो. चेहरा धुऊन पातळ ते आधी, दाट ते नंतर आणि दिवसा सनस्क्रीन सर्वांत शेवटी, हे ती पाळते, कारण प्रत्येक थर कशासाठी आहे हे तिला कळलंय. तेल-उटण्याचंही असंच कारणासकट सांगायला हवं. नुसती रीत म्हणून हातात दिलेली गोष्ट पुढची पिढी सोडून देते. कारण कळलं की ती स्वतःची करून घेते.