करवत, हात आणि कायदा : औरंगाबाद परिसराच्या संदर्भात मागे-पुढे चालणाऱ्या करवतीच्या सुरक्षित वापराचा इतिहास

प्रस्तावना

वेरूळच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याला ‘विश्वकर्मा’ आणि ‘सुताराची झोपडी’ अशी दोन नावे रूढ आहेत. सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या चैत्यगृहाचे छत कमानदार असून त्यावर कोरलेल्या दगडी फासळ्या लाकडी तुळयांची हुबेहूब नक्कल करतात. भार पेलण्यासाठी त्यांची काहीच आवश्यकता नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात प्रत्यक्ष लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. वेरूळला त्यांची केवळ आठवण दगडात उरली आहे. या भागातील सुतार एकेकाळी येथील बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून तिची पूजा करीत. दगडात लाकूड पाहणारे आणि बुद्धात आपल्या धंद्याचा मूळपुरुष पाहणारे हे कारागीर इतिहासग्रंथांत फारसे भेटत नाहीत; त्यांची हत्यारे तर त्याहूनही कमी भेटतात.

करवत हे अशा उपेक्षित हत्यारांपैकी एक होय. शस्त्रांचा इतिहास विपुल लिहिला गेला, पण ज्या हत्याराने घरांच्या तुळया, बैलगाड्यांचे साटे आणि मोटेची चाके घडविली, त्याने किती हातांची बोटे घेतली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. प्रस्तुत लेखात मागे-पुढे चालणाऱ्या करवतीचा, म्हणजे हातकरवतीपासून आजच्या विजेवरील करवतीपर्यंतच्या साधनाचा, सुरक्षिततेच्या अंगाने विचार केला आहे. अपघाताचा दोष कोणाकडे जातो, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

अर्धवट चिरलेला ओंडका

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आला. मराठीत ‘काशीकरवत’ हा शब्दही आहे. मोक्षासाठी करवतीखाली देह देण्याच्या समजुतीची ती खूण. शरीर आणि करवत यांचे नाते भाषेने अशा रीतीने फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहे.

कामाच्या जागेवरील अपघाताची भारतीय वाङ्मयातील एक जुनी कथाही याच साधनाशी निगडित आहे. पंचतंत्रात आणि त्यावर आधारलेल्या हितोपदेशात ती येते. बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्याच्या फटीत पाचर ठोकून निघून जातात. माकडांचा कळप येतो, एक माकड ओंडक्यावर बसून पाचर उपटते आणि फट मिटून चिरडले जाते. आपले नसलेले काम करू नये, असे तात्पर्य शतकानुशतके सांगितले गेले. म्हणजेच संपूर्ण दोष माकडाचा. ताणाखाली असलेले लाकूड राखणीशिवाय सोडून सर्व कारागीर एकाच वेळी का गेले, हा प्रश्न कथेला पडत नाही. माकड मेले, सुतार परत येऊन कामाला लागले असावेत.

अपघात म्हणजे अपघातग्रस्ताचा हलगर्जीपणा, ही दृष्टी केवळ कथेपुरती मर्यादित नव्हती. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कारखानदारांची भूमिकाही याहून फार वेगळी नव्हती. ती बदलण्यास कायदा लागला आणि कायदा होण्यास यंत्र.

हाताची गती

पारंपरिक हातकरवतीत सुरक्षिततेची एक नैसर्गिक व्यवस्था अंगभूत होती. पात्याला गती देणारा हातच अडथळा ओळखत असे. गाठ लागली, पाते अडकले की त्याची जाणीव मनगटाला होई आणि हात थांबताच पातेही थांबे. मोठे ओंडके चिरण्यासाठी दोघांनी ओढावयाचा आरा वापरला जाई. एक जण वर, दुसरा खाली. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडे आणि वरच्याला तोल सांभाळावा लागे. तरीही दोघांपैकी एकाने हात आखडला की काम थांबत असे.

या व्यवस्थेचा दुसरा आधार म्हणजे निगा. करवतीचे दात तिकोनी कानशीने घासणे आणि ते एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकविणे हे सुताराच्या मुलाला कापण्याच्या आधी शिकावे लागे. दात असे फाकविलेले नसतील तर चीर पात्याच्या जाडीइतकीच पडते, लाकूड पात्याला आवळून धरते आणि कारागीर जोर लावू लागतो. बोथट करवत धारदार करवतीपेक्षा अधिक घातक, हे कोणत्याही जुन्या सुताराला सांगावे लागत नसे. खंडेनवमीला वाकस, पटाशी, रंधा आणि करवत स्वच्छ करून पूजेत मांडण्याची प्रथा धार्मिक असली तरी त्या निमित्ताने हत्यारांची निदान वर्षातून एकदा पाहणी होत असे.

फिरणे आणि मागे-पुढे होणे

औरंगाबादच्या पाणचक्कीत अठराव्या शतकात पाण्याच्या जोरावर जाते फिरविण्यात आले. शहराबाहेरून मातीच्या नळांद्वारे आणलेले पाणी उंचावरून सोडून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर व विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाई. येथे प्रवाहाने चाक फिरते आणि चाकासोबत जाते फिरते. गतीचा प्रकार बदलावा लागत नाही. पाण्यावर करवत चालवावयाची तर फिरण्याचे रूपांतर मागे-पुढे होण्यात करावे लागते. तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे सापडलेल्या, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एका शवपेटिकेवर अशी यंत्रणा कोरलेली आहे. पाण्याचे चाक, त्याला जोडलेली भुजा आणि दगड कापणाऱ्या दोन करवती तीत दिसतात. कोर्नेलिस कोर्नेलिसझून या डच कारागिराने १५९३ च्या सुमारास हीच कल्पना पवनचक्कीला लावली आणि नेदरलँड्सच्या जहाजबांधणीला अफाट गती मिळाली.

विसाव्या शतकात हे तत्त्व हातात मावेल एवढ्या यंत्रात आले. स्वित्झर्लंडमधील शिंटिला या कंपनीचा अभियंता आल्बर्ट काउफमान याने १९४६ मध्ये शिलाई यंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले आणि त्यातून जिगसॉ जन्माला आली. शिलाई यंत्र अपरिचित नसलेल्या भारतीय वाचकाला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. अमेरिकेतील मिलवॉकी कंपनीने १९५१ मध्ये विजेवर चालणारी, एका माणसाला धरता येणारी मागे-पुढे चालणारी करवत बाजारात आणली. लाकूड, लोखंडी नळ, खिळ्यांसकट जुनी चौकट हे सर्व केवळ पाते बदलून कापता येऊ लागले.

गती मिळाली, परंतु मनगटाला होणारी जाणीव गेली. विजेच्या करवतीला गाठ आणि बोट यांतील फरक कळत नाही. पाते अडकले तर ते थांबण्याऐवजी संपूर्ण यंत्रच मागे फेकले जाते. जी सुरक्षितता पूर्वी हाताच्या गतीत होती ती आता यंत्राच्या रचनेत, कामाच्या व्यवस्थेत आणि कायद्यात शोधणे भाग पडले.

कायद्याचे उंबरठे

मुंबईतील गिरण्यांच्या पार्श्वभूमीवर १८७५ मध्ये आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची कल्पना त्यात होती, पण तो १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर झालेल्या १८९१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने, यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या ठिकाणी, १० वर. औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू नव्हते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

१९४८ च्या अधिनियमाचे कलम २१ यंत्राच्या कुंपणाविषयी, कलम २२ चालू यंत्राजवळच्या कामाविषयी आणि कलम २३ धोकादायक यंत्रावर तरुण कामगार नेमण्याविषयी होते. माकडाच्या कथेतील तात्पर्य या कलमांनी उलटे केले. पाचर उपटणाऱ्याला नव्हे, ती तशीच सोडणाऱ्याला जाब विचारला जाऊ लागला. परंतु हे सारे उंबरठ्याच्या आत. चिकलठाणा आणि वाळूज येथील मोठे कारखाने त्यात आले. त्यांच्या भोवती वाढलेली चार-पाच माणसांची फॅब्रिकेशनची दुकाने व सुतारकामाच्या शेड बहुतांशी बाहेर राहिल्या. कलम ८५ अन्वये राज्य शासन लहान जागांनाही अधिनियम लागू करू शकत असे, पण केवळ कुटुंबीयांच्या मदतीने चालणारे काम त्यातूनही वगळलेले होते. सुताराच्या धंद्यात हेच तर नेहमी घडते.

त्यानंतर उंबरठा पुन्हा वर गेला. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यानुसार यांत्रिक शक्ती वापरणारा कारखाना २० कामगारांपासून सुरू होतो. जीविताला धोका असलेल्या कामांना अधिसूचनेने त्याखालीही संहिता लावता येते. तथापि सर्वसाधारण मर्यादा १९२२ च्या आकड्यावर परत आली, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. माणसे मोजण्याऐवजी यंत्र पाहण्याचा प्रयत्न संसदेने एकदा केला होता. मळणीयंत्रात शेतकऱ्यांचे हात जाऊ लागल्यावर १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम झाला. तो कृषी व ग्रामीण क्षेत्रापुरताच होता.

नुकसानभरपाईची भाषा अधिक रोखठोक आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत संपूर्ण अंगठा गमावल्यास अर्जनक्षमतेची ३० टक्के हानी धरलेली होती, तर्जनीसाठी १४ टक्के आणि मधल्या बोटासाठी १२ टक्के. एकलव्याच्या अंगठ्याचे मोल महाभारताने केले नाही. कायद्याने ते टक्क्यांत केले. परंतु रंधा धरणाऱ्या सुताराचा आणि हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाचा अंगठा या तक्त्यात सारखाच.

पात्याची निगा

उंबरठ्याबाहेरच्या दुकानात सुरक्षितता शेवटी यंत्र हाताळण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहते. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या शिक्षणाचा आरंभ कानस आणि हातहॅक्सॉ यांनीच होतो. यामागे जुन्या सुताराचे शहाणपणच आहे. ज्या पात्याला बाजारात ‘एक्सॉ ब्लेड’ म्हणतात ते हाताच्या चौकटीत दात पुढे करून बसवावे लागते, कारण ते पुढे ढकलताना कापते. विजेची हातकरवत बहुधा मागे ओढताना कापते. त्यामुळे पात्याच्या मुळाशी असलेली, ‘शू’ नावाची धातूची टेकण वस्तूवर घट्ट दाबून धरणे आवश्यक असते. ती सुटली की पाते वस्तूला ओढण्याऐवजी यंत्र व हात हादरवू लागते. दातांची निवडही तितकीच महत्त्वाची. पातळ नळाला इंचात २४ किंवा ३२ दातांचे, भरीव लोखंडाला १४ किंवा १८ दातांचे पाते लागते. कापाच्या रुंदीत दोन-तीन दात तरी एकाच वेळी टेकले पाहिजेत, अन्यथा दात तुटून उडतात. पाते बदलण्यापूर्वी प्लग काढणे, नुकतेच वापरलेले पाते तापलेले असल्याने उघड्या हाताने न धरणे, भिंत कापण्यापूर्वी आतील वायरिंग पाहणे, वस्तू शिकंज्यात आवळणे आणि डोळ्यांवर चष्मा घालणे या गोष्टी माहितीपुस्तिकेत असतात. ती पुस्तिका बहुधा खोक्यासोबत फेकली जाते आणि दुकानातील नव्या मुलाच्या भाषेत तर ती क्वचितच असते.

एक हानी मात्र बोट न कापताही होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यात हवेच्या दाबावरील हत्यारांनी चुनखडी घडविणाऱ्या पाथरवटांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात, हे डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तपासून मांडले. हादरणाऱ्या प्रत्येक हत्याराला हे लागू पडते. बोथट पाते अधिक हादरते आणि अधिक वेळ घेते; म्हणून वेळेवर पाते बदलणे हाच यावरचा पहिला उपाय ठरतो. जुना सुतार करवतीला धार लावी, नवा कारागीर पाते टाकून दुसरे बसवतो. धार लावण्यास कष्ट पडत, नवे पाते बसविण्यास पैसे. दिवसाच्या मजुरीवर काम घेणाऱ्याला ते पाते आणखी चार काप चालवावेसे वाटते, आणि बहुतेक वेळा ते पाते त्याच्या नव्हे, दुकानमालकाच्या पैशाने यावयाचे असते.

खंडेनवमीला आजही शहरातील वर्कशॉपांत यंत्रे धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घातले जातात. त्या दिवशी यंत्र बंद असते, प्लग काढलेला असतो आणि पात्यावर साचलेला भुसा झटकलेला असतो.