आईची गोळी आणि कंपाउंड 'ई'

मंडळी, गेले तीन शनिवार इथे काही लिहिणं झालं नाही. कारण घरगुतीच आहे, पण त्या निमित्ताने जे वाचन झालं ते सांगण्यासारखं वाटलं म्हणून आज बसलोय. चहा घेऊन बसा, जरा लांबण लागणार आहे.

माझ्या आईला गेली आठ वर्षं आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत. बाकीच्या औषधांबरोबर रोज नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोनची एक छोटी गोळी, असं सहा वर्षं चाललंय. त्या गोळीच्या जोरावर तिने सहा वर्षं पोळ्या लाटल्या, माझ्या बहिणीचं लग्न उभं राहून पार पाडलं. मग यंदाच्या दिवाळीत पणत्या लावताना म्हणाली, "अरे, प्रत्येक ज्योतीभोवती मला काटे काटे दिसतायत."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. वय वर्षं ५४. "स्टेरॉइड किती वर्षं घेताय?" हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता.

आईने घरी येऊन गोळी बंद केली. कोणालाही न सांगता. आणि खरं सांगायचं तर त्यात माझाही हात होता. फोनवर मीच तावातावाने म्हणालो होतो, "स्टेरॉइड वाईटच असतात, सोडून दे ते!" चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. आई उठत नाहीये, उलट्या होतायत, बीपी खूप खाली गेलंय. पुण्याहून साताऱ्याला मी कसा पोचलो ते मलाच आठवत नाही. दोन दिवस सलाइन, इंजेक्शनं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोतीबिंदूने माणूस जात नाही हो. गोळी एकदम बंद केली तर जाऊ शकतो."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून या गोळीचा इतिहास शोधायला बसलो.

गोष्ट सुरू होते १९२९ साली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तिथे फिलिप हेंच नावाचे सांधेतज्ज्ञ होते. त्यांच्या एका वयस्कर रुग्णाला (ते स्वतःही डॉक्टरच होते) कावीळ झाली आणि त्यांचे दुखरे सांधे चक्क शांत झाले. दुसऱ्या कुणी 'योगायोग' म्हणून सोडून दिलं असतं. हेंचनी अशा नोंदी जमवायला सुरुवात केली. पुढे दिसलं की गरोदर बायकांचाही संधिवात पुष्कळदा कमी होतो. म्हणजे शरीरच कुठलातरी पदार्थ तयार करत असणार, जो ही आग विझवतो. त्याला त्यांनी नाव दिलं 'सबस्टन्स एक्स'.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून एकेक रसायन वेगळं काढत होते. या ग्रंथी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. रसायनांची नावं काय, तर कंपाउंड ए, बी, ई, एफ. (व्हेरिएबलना नावं देण्याचा कंटाळा फक्त आपल्यालाच असतो असं नाही!) हेंच यांचा 'एक्स' म्हणजे केंडल यांचा 'ई' असेल का? तपासायचं तर पुरेसा 'ई' हवा, आणि तो मिळत नव्हता. १९४४ साली मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून तो कृत्रिमरीत्या बनवला. तीसहून जास्त पायऱ्या, आणि शेवटी हाती येणार चिमूटभर. वापरण्याइतका साठा व्हायला १९४८ उजाडलं.

२१ सप्टेंबर १९४८. मेयोत २९ वर्षांची एक बाई अंथरुणाला खिळून होती. बाकीचे उपाय थकले होते. तिला त्या दिवशी १०० मिलिग्रॅम कंपाउंड 'ई' टोचलं. दोन दिवसांनी कूस बदलणं सोपं झालं. २८ तारखेला ती बाई गावात जाऊन तीन तास खरेदी करून आली! पुढच्या एप्रिलमध्ये हेंच आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या आधीच्या आणि नंतरच्या फिल्म डॉक्टरांच्या सभेत दाखवल्या. नुसतं 'ई' म्हटलं की लोकांना ई जीवनसत्त्व वाटायचं, म्हणून औषधाचं नाव ठेवलं कॉर्टिसोन. १९५० साली हेंच, केंडल आणि बाझेलचे टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पहिल्या इंजेक्शनपासून नोबेलपर्यंत फक्त दोन वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, मग घोडं अडलं कुठे?

आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या बोलीतही 'साइड इफेक्ट' आहे. फंक्शनला एक काम दिलं, ते त्याने केलं, पण जाता जाता बाहेरचं एखादं ग्लोबल व्हेरिएबलही बदलून गेलं, तर तो साइड इफेक्ट. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं. सहा महिन्यांनी भलतंच मॉड्यूल कोसळतं आणि कुणाला वाटतही नाही की मूळ तिकडे आहे. कॉर्टिसोनचं नेमकं असंच झालं, फक्त इथे 'सिस्टीम' म्हणजे माणूस होता.

पहिले काही साइड इफेक्ट लगेच दिसले. पहिल्या वर्षातच रुग्णांचे चेहरे चंद्रासारखे गोल झाले, वजन वाढलं, मुरमं आली, मूड वरखाली होऊ लागले. हार्वी कुशिंग यांनी १९३२ सालीच एक आजार वर्णन केला होता, ज्यात अ‍ॅड्रिनलचं संप्रेरक शरीरातच जास्त तयार होतं आणि माणूस असाच दिसू लागतो. म्हणजे हे औषधातल्या भेसळीने झालेलं नव्हतं. औषध आपलं कामच करत होतं, जिथे आपल्याला नको होतं तिथेही. आणि औषध थांबवलं की सांधे परत सुजत.

मग आली गंभीर गोष्ट. १९५२ साली एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. संधिवातासाठी काही महिने कॉर्टिसोन घेत होता, शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर रक्तदाब कोसळला तो सावरलाच नाही. शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या सापडल्या. कारण अगदी इंजिनिअरिंगचं आहे. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं संप्रेरक सतत मोजत असते. कमी पडलं की अ‍ॅड्रिनलला हुकूम सोडते. बाहेरून रोज आयतं मिळू लागलं की हुकूम बंद आणि काम नसलेली ग्रंथी सुकत जाते. अशा वेळी एकदम गोळी थांबवली तर शरीराकडे स्वतःचं काहीच उरत नाही. मी हे रात्री दीड वाजता वाचलं आणि बराच वेळ स्क्रीनकडे नुसता बघत राहिलो. आईचे ते चार दिवस म्हणजे हेच होतं. ७० वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट. मला माहीत नव्हती, आणि सल्ला मात्र मी दिला होता.

मोतीबिंदूची कथा आणखी वेगळी. तो लक्षात यायला दशक लोटलं. १९६० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांच्या डोळ्यांत, भिंगाच्या मागच्या बाजूला, एका विशिष्ट प्रकारचा मोतीबिंदू धरतो. हा दिव्याच्या झगमगाटात जास्त त्रास देतो. आईच्या पणत्या! तोपर्यंत हे कळणं शक्यही नव्हतं. १० वर्षांनी होणारा परिणाम कळायला १० वर्षं औषध घेतलेली माणसं लागतात. म्हणजे ज्या पिढीने पहिल्यांदा औषध घेतलं, तीच नकळत त्याची टेस्ट टीम होती.

दरम्यान लोकांचं मत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं. 'चमत्कार' म्हणणाऱ्या जगात १९५६ साली 'बिगर दॅन लाइफ' नावाचा हॉलिवूडचा सिनेमा आला. जेम्स मेसनने त्यात एक साधा शाळामास्तर केलाय, जो कॉर्टिसोनच्या अतिडोसाने भ्रमिष्ट होऊन घरादाराला वेठीला धरतो. मला सिनेमाचा शेवट महत्त्वाचा वाटला. औषध फेकून देऊन तो बरा होत नाही. ते त्याला पुढेही घ्यावंच लागणार असतं, नीट मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

खऱ्या आयुष्यातही वाट तीच निघाली, पण हळूहळू. ब्रिटनमध्ये १९५४ साली नव्या संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिसोन आणि साधी अ‍ॅस्पिरिन यांची तुलना केली, तर वर्षभराने फारसा फरक दिसेना. म्हणजे सरसकट सगळ्यांना देण्यात अर्थ नव्हता. १९५५ साली प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन बाजारात आलं. कमी डोसात काम आणि शरीरात मीठ-पाणी कमी साचणार. हाडांची झीज, साखर आणि डोळे मात्र तसेच राहिले. १९६३ साली दिवसाआड डोस देण्याची पद्धत मांडली गेली, ग्रंथींना मधे श्वास घेता यावा म्हणून. १९८८ साली अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला संधिवातासाठी मान्यता मिळाली आणि अशा औषधांमुळे स्टेरॉइडचा डोस खाली आणता येऊ लागला. यातलं काहीच नोबेलच्या लायकीचं नाही. पण आईसारखी माणसं या औषधाबरोबर जगू शकतात ती या बारीकसारीक दुरुस्त्यांमुळे.

आपण हे विसरलो की काय होतं, तेही आपण पाहिलंय. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा नव्हता. तरी २०२१ च्या लाटेत ते पुष्कळांना गरज नसताना, जास्त दिवस दिलं गेलं. वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले, आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने किती जणांचे डोळे नेले ते वेगळं सांगायला नको.

असो. आईचं सांगायचं राहिलं. गोळी पुन्हा सुरू झाली. आता डॉक्टर दर महिन्याला एकेक मिलिग्रॅम कमी करतायत. मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत आहे, आणि त्या डॉक्टरांना गोळीबद्दल आधीच कळवलंय. तिच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते, 'मी रोज स्टेरॉइड घेते, डोस अमुक'. बाबांनी जुनी डायरी काढून रकाने आखून दिलेत. तारीख, डोस, आणि 'नवीन काय वाटतंय'.

परवा त्या शेवटच्या रकान्यात डोकावलो. लिहिलं होतं, "गुडघा बरा. झोप कमी. चिरंजीव रोज फोन करून डोकं खातो." पुढे डोसच्या रकान्यात बाण काढून, "हा कमी करावा." :)