सागवानी डबा : खरा आणि छोटा



गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याकडे चढताना वाटेत जे गोल दगड सापडतात, ते आपणांपैकी कित्येकांनी लहानपणी खिशात भरले असतील. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजारी व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला तोच हा, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्रज्ञ त्यांना झिओलाइट खनिजाच्या गाठी म्हणतात. आकार फळाचा आणि द्रव्य पाषाणाचे! आमच्या आजच्या विषयाचे मर्म याच कोड्यात आहे. जुन्या आगगाडीच्या डब्याची छोटी प्रतिकृती करावयाची, तर ती कशाची करावी? मूळ डबा सागवानाचा होता, म्हणून प्रतिकृतीही सागवानाचीच करणे हा खरेपणा की भाबडेपणा?

कुणी म्हणेल, हा तर रिकामटेकड्यांचा छंद. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यात 1917 साली पुलगाव-आर्वी ही अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. सुमारे 35 किलोमीटरांचा मार्ग. आर्वीच्या बाजूचा कापूस मोठ्या लोहमार्गावर आणून टाकणे हे तिचे प्रयोजन. ती गाडी आता बंद झाली. उद्या आर्वीच्या मुलाला ती दाखवावयाची, तर कुणीतरी केलेला छोटा डबा हाच पुरावा ठरेल. आणि तो खोटा असला तर खोटेच इतिहास म्हणून मुलाच्या मनात राहील.

आधी मूळ डब्याकडे पाहू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हापासून कित्येक वर्षे प्रवासी डबा म्हणजे सुताराचेच काम होते. खाली लोखंडाची चौकट आणि वर लाकडी खोली. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, ते उन्हापावसात फारसे वाकत नाही, आणि त्यातील तेलामुळे खिळे व स्क्रू लवकर गंजत नाहीत. म्हणून त्याला मान मिळाला. अंगावर पातळ फळ्या जोडल्या की सांधे उघडे पडत. ते झाकण्यासाठी वरून बारीक गोलट्या पट्ट्या ठोकीत. डब्याच्या बाजूवर दिसणाऱ्या त्या सुंदर चौकटी सौंदर्यासाठी नव्हत्या, सांध्यासाठी होत्या! छतावर फळ्या, त्यांवर किंतान आणि त्यावर रंग. खिडकीला झिलमिली.

पुढे पोलाद आले. अपघातात लाकडी डबे एकमेकांत घुसत व आगीला बळी पडत, हे त्याचे एक मोठे कारण. पोलादी पत्र्याला सांधे झाकणाऱ्या पट्टीची गरज उरली नाही. पण डोळ्यांना लागलेली सवय सहजी सुटत नाही. इंग्लंडातील एल. एन. ई. आर. ही रेल्वे कंपनी वार्निश केलेल्या सागवानी डब्यांसाठी प्रसिद्ध होती. तिचे डबे पत्र्याचे होऊ लागले, तेव्हा तिच्या रंगाऱ्यांनी त्या पत्र्यावर रंगाने सागवानाच्या शिरा काढल्या. म्हणजे खऱ्या गाडीनेच सोंग घेतले! आता अशा सोंगाची प्रतिकृती लाकडाची केली तर ती खोटी ठरेल, रंगविलेल्या पत्र्याची केली तर खरी. आपल्याकडेही 2023 साली एकतानगरसाठी जी वारसा-गाडी निघाली, तिचे इंजिन विजेवर चालते आणि दिसते वाफेच्या इंजिनासारखे.

आता छोट्या डब्याकडे वळू. 1891 साली जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने खेळण्यांच्या रुळांना ठरावीक मापे दिली. 1920 पासून इंग्लंडातून हॉर्नबीच्या गाड्या येऊ लागल्या. पत्र्याच्या त्या डब्यांवर खिडक्या, कड्या, आणि प्रसंगी सागवानाच्या शिराही छापलेल्या असत. नंतर प्लॅस्टिक आले आणि कड्यांना उठाव मिळाला. पत्र्याच्या डब्यांना आज कुणी हसते. आम्ही हसणार नाही, आणि त्याचे कारण गणिताचे आहे.

आज सर्वांत अधिक चालणारे प्रमाण 1:87 आहे. या प्रमाणात खरे सागवान वापरले, तर लाकडातील एक मिलिमीटर रुंदीची शीर मूळ डब्यावरच्या 87 मिलिमीटर रुंद शिरेएवढी दिसते. चार-पाच बोटे रुंद शीर असलेले झाड कुणी पाहिले आहे? लाकूड लहान करता येते, त्याचा पोत लहान करता येत नाही. म्हणून रंगविलेला कागद किंवा प्लॅस्टिक येथे सागवानाहून अधिक सागवानी दिसते. वजनाचेही तसेच. सुमारे 37 टनांचा पोलादी डबा याच प्रमाणात केवळ 56 ग्रॅम भरेल, कारण वजन लांबीच्या घनाने उतरते. इतका हलका डबा रुळांच्या बारीकशा उंचसखलपणानेही घसरतो; म्हणून आतून वजन चिकटवावे लागते. ही लबाडी आम्हांस मान्य आहे.

रुळांची लबाडी मात्र सहज मान्य होत नाही. बाजारात मिळणारे रूळ 16.5 मिलिमीटर अंतराचे. त्यांना 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर, म्हणजे युरोपातील माप निघते. आपला रुंद मार्ग 1676 मिलिमीटरांचा. त्यामुळे आपले डबे त्या रुळांवर अरुंद पायांवर उभ्या असलेल्या जाड्या माणसासारखे दिसतात. खरेपणा हवा असेल तर सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे रूळ हाताने घालावयास हवेत.

आणि कोणत्या सालचा डबा, हेही ठरविले पाहिजे. ‘दख्खनची राणी’ घ्या. 1 जून 1930 रोजी ती निघाली. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडच्या, वरचे अंग माटुंग्याच्या कारखान्याचे. एक गाडी रुपेरी व लाल, दुसरी गडद निळी व सोनेरी रेघांची. 1966 मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले, 2022 मध्ये पुन्हा नवे. आजच्या डब्याला 1930 चा रंग फासून तिला ‘जुनी राणी’ म्हणणे म्हणजे आजीचे लुगडे नातीला नेसवून आजीचा फोटो म्हणून टांगणे होय.

पुण्यातील कोथरूडला भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी उघडले, आणि नागपूरला मोतीबागेत अरुंद मार्गांचे संग्रहालय 14 डिसेंबर 2002 पासून आहे. पहिल्यात आगगाडीचे छोटे जग चालते. दुसऱ्यात खऱ्या वस्तूंवर हात ठेवता येतो. छोटा डबा करणाऱ्याने दोन्ही पाहावीत, आणि मोतीबागेत मापाची टेप घेऊन जावे.

आपल्या आर्वीच्या गाडीचे एक भाग्य आहे. तिचे रूळ 762 मिलिमीटरांचे. 1:87 ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात 9 मिलिमीटरांचे रूळ तयार मिळतात. ज्या मोठ्या गाड्यांचा एवढा डामडौल, त्यांना नेमके रूळ मिळत नाहीत. या कापसाच्या गाडीला मात्र जवळजवळ नेमके मिळतात. उरला डबा. त्यात बसून गेलेली वृद्ध माणसे आर्वी-पुलगावास भेटतील. बाके आडवी होती की उभी, झिलमिली वर सरकत असे की खाली, लाकडावर वार्निश होते की रंग, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावयाचे आहे, आणि ते या उन्हाळ्यातच.