दानपेटीतली चांदी आणि बाबासाहेबांचा रुपया

आपल्या विहाराच्या दानपेटीत जुन्या आयाबायांनी टाकलेले कलदार रुपये आहेत. काहींना हारात ओवण्यासाठी पाडलेली भोकं आहेत. वर्धापन दिनाच्या बैठकीत सूचना आली की, ही चांदी वितळवून बुद्धमूर्तीला छत्र करावे. माझा त्याला विरोध आहे.

१८७७ पासूनच्या रुपयावर राणीच्या चेहऱ्याभोवती 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' अशी अक्षरे आहेत. त्याच वर्षी १ जानेवारीला नागपुरात टाटांची मिल सुरू झाली, तीही एम्प्रेस. मिल २००२ साली बंद पडली; नाणी राहिली. कलदारात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. १९४० मध्ये ती निम्म्यावर आली आणि १९४७ पासून रुपया निकेलचा झाला.

ह्याच रुपयावर बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला. तो १९२३ साली लंडनला निघाला. १८७३ नंतर चांदीचा भाव कोसळत गेला. १८९३ मध्ये लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे सरकारने बंद केले. मग रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर गेले. ही मर्जी आवरा, रुपयाची खरेदीची ताकद स्थिर ठेवा, असे बाबासाहेबांचे म्हणणे. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढेही त्यांनी आपली बाजू मांडली. भाव चढले की हातावर पोट असणाऱ्याचं काय होतं, हे मिल कामगाराला वेगळं सांगायला नको!

स्वतंत्र भारताने १९६९ मध्ये गांधी शताब्दीला चांदीचे दहा रुपयांचे नाणे काढले. बाबासाहेबांच्या शताब्दीला १९९० मध्ये आले ते एक रुपयाचे, तांबे-निकेलचे. घरोघरी जपले गेले, पण त्यात चांदी नाही. चांदीच्या रुपयाचा हिशेब मांडणाऱ्याचा चेहरा चांदीवर यायला ६ डिसेंबर २०१५ उजाडला. १२५ व्या जयंतीचे हे १२५ रुपयांचे नाणे ३५ ग्रॅमचे, निम्म्या चांदीचे आहे. ते चलनात नाही, टांकसाळीकडे मागवावे लागे. गर्दीत विकले जाणारे चकचकीत बिल्ले म्हणजे नाणी नव्हेत. खऱ्या नाण्यावर सारनाथचे अशोकाचे सिंह आणि किमतीचा आकडा असतोच.

आणखी एक. नाणी राखेने, चिंचेने घासू नका. माझ्या आईने एक कलदार दर दिवाळीला असा लख्ख केला की राणीचं नाकही उरलं नाही आणि सालही गेलं.

दानपेटीतल्या नाण्यांची मी वही केली आहे. साल, वजन लिहून झाले. देणाऱ्यांच्या नावांचा रकाना रिकामा आहे. ज्या घरातून नाणे आले त्यांनी रविवारी वंदनेनंतर येऊन सांगावे.