मद्यनित्या

जालना जिल्ह्यातील दारूबंदीच्या चळवळींची जुनी कागदपत्रे चाळताना मला जिथे तिथे दारुडा नवरा आणि मार खाणारी बायको भेटली. पोटातले मूल कुठेच सापडेना. ते सापडले चरकसंहितेत. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भवतीने काय टाळावे हे सांगताना 'मद्यनित्या', म्हणजे नित्य पिणाऱ्या बाईचा उल्लेख येतो. तिचे मूल सतत तहानलेले, अल्पस्मृतीचे किंवा चंचल चित्ताचे निपजते, असे ग्रंथकार म्हणतो.

यावरून 'आपल्याकडे सारे आधीच होते' अशी द्वाही फिरवायला मी तयार नाही. त्याच यादीत भांडखोर आईचे मूल अपस्मारी होते, असेही लिहिले आहे! पण स्मृती आणि चित्त यांवर ठेवलेले बोट नेमके आहे. फ्रान्समध्ये पॉल लेमोआन यांनी १९६८ साली अशा १२७ मुलांची नोंद केली. १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले. आईच्या रक्तातले मद्य वारेतून गर्भात उतरते, आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो.

घनसावंगीकडच्या एका म्हाताऱ्या सुईणीला मी याविषयी विचारले. ऊसतोडीच्या फडावर अंग ठणकते म्हणून काही बायाही घोटभर घेतात, पोटुशी असल्या तरी, असे ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "पण भाऊ, हे लिहू नका. समदे बाईलाच धरतेत."

लिहिले आहे. गावाचे नाव तेवढे गाळले.