एकतर्फी

कर्जाच्या दाव्याचं समन्स घेऊन बेलीफ गावात आला, की पारावर सल्ल्यांना तोटा नसतो. गावाला गेलाय म्हणून सांग, सही करू नकोस, कोर्टाची पायरी चढू नकोस. हे शहाणपण आजचं नाही. दीडशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखातल्या कितीतरी जमिनी त्यानंच घालवल्या.

12 मे 1875 ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतली गावं पेटली. पण लोकांचा राग माणसापेक्षा कागदावर होता. सावकाराकडची खतं, म्हणजे कर्जरोखे, हिसकावून घ्यायची आणि जाळायची. सोनं-नाणं सोडून कागदच का?

अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 ला संपलं, कापसाचे भाव बसले, आणि सावकारानं हात आखडता घेतला. त्याआधीच, 1859 च्या कायद्यानं, दावा लावायला मुदत घातलेली होती. ती होती कुळाच्या भल्यासाठी. सावकारानं तिचाच फायदा उठवला. मुदत संपत आली की तो नवं खत लिहून घ्यायचा. थकलेलं व्याज मुद्दलात जायचं आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं. अंगठा कशावर उठवला, हे कुळाला कळायचंही नाही.

मग दावा लागायचा. कोर्ट लांब, वकिलाला पैसा नाही, मनात धास्ती. कुळ घरीच बसायचं. तिकडं पुकारा व्हायचा, कुणी ओ द्यायचं नाही, आणि सावकाराच्या कागदावर एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. दंग्यानंतर सरकारनं कमिशन नेमलं, त्यालाही हेच दिसलं.

त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. कोर्टानं शेतकऱ्याला समोर बोलावून विचारायचं, खताच्या मागं जाऊन देण्याघेण्याचा हिशेब मुळापासून बघायचा, असं त्यात ठरलं. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. सावकार काही गप्प बसले नाहीत, गहाणाऐवजी खरेदीखतं लिहून घेऊ लागले. तरी हिशेब मुळापासून बघण्याची वाट मोकळी झाली.

आता दावा बँक लावते. बँकेचं व्याज फार आहे म्हणून कोर्टाला ते कमी करता येत नाही, असा कायदा 1984 पासून लागू आहे. पण हिशेब चुकला असेल तर तो दाखवायला बंदी नाही. शेतकऱ्याचं उत्पन्न पिकागणिक येतं, म्हणून पीककर्जाचं व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवू नये, असं सुप्रीम कोर्टानं 1994 च्या एका निकालात सांगितलंय. पण खातेउतारा मागितल्याशिवाय हे कळणार कसं?

आमच्या शेजारच्या एका विधवा बाईंवर एका बँकेनं दावा लावला होता. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून त्यांना फुकट वकील मिळाला. बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वकिलानं पूर्ण उतारा मागवला. त्यात नोटिशीचा आकार दोनदा लावलेला आणि पाहणी न करताच पाहणी फी घेतलेली. कर्ज खरं होतं, ते त्यांनी नाकारलं नाही. वरची रक्कम कमी झाली, बाकीचे हप्ते लोकअदालतीत ठरले. जमीन राहिली.

म्हणून सांगतो, समन्स घ्यावं. लेखी कैफियत द्यायला ते मिळाल्यापासून 30 दिवस असतात. कारण पटलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत थांबतं. घेतलेलं कबूल करावं, न पटणारी एकेक रक्कम लिहून काढावी, भरलेल्या पैशाच्या पावत्या जोडाव्यात. एकतर्फी निकाल होऊन गेला असेल, तरी योग्य कारण दाखवून तो उठवायचा अर्ज करता येतो. त्यालाही मुदत 30 दिवसांचीच.

सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण कागदाला उत्तर द्यायची सोय त्यांना नव्हती. आपल्याला ती आहे. तारखेला जायचं तेवढं ठरवावं लागतं.